पावतीच्या तळाचा नंबर

परवा म्हशीसाठी आणलेल्या सरकीच्या पोत्याला वजनकाट्याची पावती टाचलेली होती, तिला कापसाच्या जिनिंगचा तो तेलकट, धुळकट वास येत होता, आणि त्या वासासरशी मला जिंतूरच्या जिनिंगमधली एक दुपार आठवली. काट्यावरच्या कॉम्प्युटरसाठी मी लिहिलेलं, पावत्या छापणारं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट होतं, अगदी कोडसकट. माझं पोट चालायचं ते अडलं-नडलं बघायच्या वार्षिक करारावर. त्या दुपारी मी करार पुढे वाढवायला गेलो, तर दारात कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि म्हातारे मुनीमजी फोन कानाशी धरून कुणाला तरी, "आदी बंद करा, मंग चालू करा," असं समजावत होते. मग त्यांनी मला चहा सांगितला आणि एक जाडजूड वही पुढे केली. मी फोनवर सांगितलेला एकूण एक इलाज तिच्यात होता. लिहून ठेवा, असं दरवेळी मीच तर म्हणायचो. "आता तुमाला तरास न्हाई," ते कौतुकानं म्हणाले, "बाकीचे काटेवाले बी मलाच इचारायलेत. मी बी फुकटच सांगतो, तुमच्यावानी." कराराचा कागद मी पिशवीतून काढलाच नाही. वही छान झालीय म्हणालो आणि परभणीची एसटी धरली. परवाच्या पावतीच्या तळाशी अजूनही छापलेलं होतं, 'अडचण आल्यास फोन करा', आणि पुढे माझा नंबर. तो फोन मी रोज चार्ज करतो. चालू आहे ना बघावं, म्हणून काल शेजाऱ्याच्या फोनवरून लावून पाहिला. व्यवस्थित वाजला.