डावीकडचा अर्धा इंच

माधव नगरातल्या आमच्या शिलाईवाल्या बाईंच्या गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या असायच्या, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं हुंकारातच चाले. माझी मोठी बहीण, ताई, आणि मी दर दसऱ्याआधी त्यांच्याकडे जायचो. ताई हसत राहायची आणि बाई दटावायच्या, "अहो, हलू नका ना, नाप चुकेल!"

स्तनाच्या कॅन्सरने ताईला नेलं, त्याला तीन वर्षं झाली. परवा मी एकटीच ब्लाउजचं कापड घेऊन गेले. बाईंनी टाचण्या काढून बशीत ठेवल्या.

"छातीची तपासणी केलीत?"

"मला काही त्रास नाही."

"त्यांनाही नव्हता. आजार कळायच्या आधी त्यांचा ब्लाउज डावीकडेच टाइट व्हायला लागला होता. मी चुपचाप शिलाई अर्धा इंच सैल केली. विचारायची शरम वाटली. आता सगळ्यांना विचारते. चिडतात बायका. चिडू देत."

मला राग यायला हवा होता. पण तो ब्लाउज घालून आरशासमोर उभी असलेली ताईच आठवली. "बघ कसा बसलाय! बाईंचा हात म्हणजे हात!"

बाईंनी माझ्या कापडाची घडी करून माझ्याच हातात ठेवली.

"आधी जांच करून या. मग नाप घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात मॅमोग्राफीच्या रांगेत उभी होते, तेव्हा ते कापड माझ्या पिशवीतच होतं.