पायांसकट फोटो

नारायणराव पळू शकत नव्हते.

एवढं एक वाक्य पेपरात यावं म्हणून यशोदाअक्का झगडल्या. आज सकाळी त्यांनी डोळे मिटले. मारतहळ्ळीला, लेकीच्या घरी.

त्यांना न ओळखणाऱ्यांसाठी लिहितो.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बंगळूरला एम.ए. करायला गेलो. इंग्लिश लिटरेचर. मल्लेश्वरमला अक्कांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड.

नारायणराव त्यांचे यजमान. बंगळूरच्या शिवाजीनगरात टेलरिंगचं दुकान. लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय वाळलेला, काखेत कुबडी.

खाकी युनिफॉर्म शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोलीस त्यांच्या दुकानात मापं द्यायला यायचे, चहा प्यायचे, उधार ठेवायचे.

एका गुंडाचा भर बाजारात खून झाला. मारेकऱ्याने टाकून दिलेल्या शर्टाच्या कॉलरला नारायणरावांच्या दुकानाचं लेबल होतं.

ओळखीचेच पोलीस आले. "नारायणअण्णा, माप कुणाचं एवढंच सांगायचंय. स्वल्प चला, थोडा वेळ."

परत आलं ते प्रेत.

पेपरात छापून आलं: खुनातला संशयित कोठडीतून पळताना जिन्यावरून पडून ठार.

सगळ्या पेपरांत तेच वाक्य. पोलिसांची प्रेस नोट एकच होती.

अक्कांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"पळताना?" त्या म्हणाल्या. "हे?"

सुतक फिटल्यावर आम्ही पेपरच्या ऑफिसात गेलो. क्राइम रिपोर्टर वाईट माणूस नव्हता. त्याने उठून खुर्ची दिली, कॉफी मागवली.

"अक्का, आम्ही 'पोलिसांनी सांगितलं' असं लिहिलंय. वाक्य त्यांचं आहे. आमचं नाही."

"छापलं कुणी?"

त्याने कॉफीचा कप अक्कांपुढे सरकवला.

"आमच्या दुकानात आला होतास?"

"संध्याकाळपर्यंत बातमी द्यावी लागते, अक्का. रोज सकाळी त्यांच्या ब्रीफिंगला बसतो मी. त्यांना खोटं ठरवलं, तर उद्यापासून मला कोण आत घेईल?"

अक्कांनी कॉफी तशीच ठेवली.

चौकशी झाली. तिच्यातही जिना होता, पळणं होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. पेपरात स्मृतिदिनाची जाहिरात देतात ना, चौकोनात फोटो, खाली नाव आणि घरच्यांची नावं? अक्कांनी ती द्यायची ठरवली. इंग्लिश मजकूर मी लिहायचा. मी चार ओळी लिहिल्या. त्यांनी अर्थ विचारत विचारत तीन खोडायला लावल्या. एक राहिली: त्यांना पळता येत नव्हतं.

काउंटरवरच्या माणसाने ती वाचली आणि मान हलवली.

"पोलीस केस दिसतेय. आमचं लीगल सोडणार नाही."

"फोटो चालतो?"

"फोटो चालतो की."

अक्कांनी पिशवीतून फोटो काढला. लग्नातला नाही, त्यात स्टुडिओवाल्याने कुबडी अक्कांच्या पदराआड लपवली होती. हा आयुधपूजेच्या दिवशीचा. मशीनला झेंडूची माळ, दारात फोडलेला कोहळा, आणि उंबऱ्यावर नारायणराव. पायांसकट. कुबडीसकट.

"पूर्ण छापा," अक्का म्हणाल्या.

जाहिरात आली. नुसता चेहरा.

कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तिथली पद्धतच तशी. श्रद्धांजलीचा फोटो हातात आला, की गळ्याखालचं कापायचं.

दुसऱ्या वर्षी अक्का पुन्हा त्याच काउंटरवर.

"अक्का, सगळ्यांचे चेहरेच असतात. लोकांना ओळख पटायला हवी ना?"

"अरे, अख्खं शिवाजीनगर ह्यांना पायावरून ओळखायचं. पाय पाहिजेत."

"पूर्ण घेतला तर चेहरा बारीक होईल. कॉलमची साइझ फिक्स असते."

"सरी, चालेल. होऊ दे."

छपाईचं पान लागेपर्यंत त्या तिथल्या बाकावर बसून राहिल्या. घरून आणलेलं लिंबाच्या भाताचं चित्रान्न तिथेच खाल्लं. काउंटरवाल्यालाही दिलं.

दुसऱ्या दिवशी छापून आलं. दोन बोटं उंचीचा माणूस. शेजारची बाई चष्मा वर-खाली करत म्हणाली, "अय्यो, तोंडच दिसत नाही की!"

"कुबडी दिसते?" अक्कांनी विचारलं.

"दिसते."

"मग झालं."

कुणाचा फोन आला नाही. रिपोर्टर फिरकला नाही. पेपरने आपली बातमी कधीच दुरुस्त केली नाही. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. मी पुस्तकं वाचून आलेला मुलगा होतो.

अक्का कन्नड वाचायच्या, इंग्लिश नाही. त्या दिवशी म्हणाल्या, "बाकीचा पेपर वाचून दाखव."

त्यात आणखी एक बातमी होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक संशयित. कोठडीतून पळताना पडून ठार. पोलिसांनी सांगितलं.

अक्कांनी त्या बातमीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्याचे पाय कुणी बघितले का?"

पुढे दुकान त्यांनीच चालवलं. शाळेचे युनिफॉर्म, ब्लाउज, पडदे. खाकी घेऊन कोणी आलं, की मशीन न थांबवता म्हणायच्या, "ते इथे होत नाही."

जाहिरात दर वर्षी दिली. फोटो तोच, पूर्ण.

आज लेकीने ग्रुपवर अक्कांचा फोटो टाकला. ओळखपत्रावरचा, नुसता चेहरा. सगळे त्याखाली हात जोडतायत.

माझ्याकडे एक आहे. दुकानाच्या उंबऱ्यावर, गळ्यात टेप, पायांत स्लिपर. तो खाली देतोय.

शेअर करणार असाल, तर कापू नका.

अक्का, पूर्ण टाकलाय. चेहरा बारीक आलाय.

या आता. नमस्कार.