नाचणगावची खिसेबाई

२०१६ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी नाचणगावात माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून एका बाईनं शिलाई मशीन मांडलं आणि गिऱ्हाईक बायांना भर रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्या. माझं डोकं त्या दिवशी जे फिरलं ते अजून पुरतं जाग्यावर आलेलं नाही. हे लिहायला बसलो तेही रागातच.

उठाबशा म्हणजे खरोखरच्या उठाबशा. कपडा शिवून झाला की बाई तो गिऱ्हाइकाला घालायला लावायची, पडद्याबाहेर आणायची आणि हुकूम सोडायची, "बस. ऊठ. हात वर कर. बसचा दांडा धर. आता वाक, खाली बादली हाय." दांडा नसायचा, बादलीही नसायची. ती बिचारी हवेतला दांडा धरून उभी, आणि माझी गिऱ्हाइकं माप द्यायचं सोडून तिकडे बघत. काखेत कापड ओढलं किंवा बसताना गुडघ्यावर ताणलं की शिलाई तिथंच उसवली जायची. मी एकदा ओरडलो, "बाई, हे दुकान हाय का तालीम?" ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "मास्तर, तुमच्या पँटीतला माणूस खुर्चीवर बसते. माझ्या कपड्यातली बाई चुलीपुढं बसते. तालीम तिले पाह्यजेच."

मास्तर म्हणजे मी. शाळा चौथीत सुटली, पण कात्रीनं मला मास्तर केलं. दुकानाच्या पाटीवर 'जेन्ट्स टेलर' आहे आणि पन्नास वर्षांत मी बाईच्या कपड्याला कात्री लावली नव्हती. गर्व आहे म्हणतात लोक. असेल तर असेल.

बाई परकी नव्हती. रोहणा गावची लेक, आमच्याच वस्तीतली सून. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो गेला तेव्हा मुलगी सातवीत होती. त्याची लग्नाची पँट मीच शिवलेली. हे ध्यानात ठेवा.

दर वर्षी होळी जळाली की ती दाराच्या चौकटीला एक नवा कपडा टांगायची आणि वर खडूनं लिहायची, 'औंदाची फॅशन'. एका वर्षी कोपरापर्यंतच्या ढगळ बाह्या, काखेला वारा लागावा म्हणून. एका वर्षी घोट्याच्या चार बोटं वर राहणारा पायजमा, कारण वस्तीतली एक पोरगी स्कुटीच्या चाकात घेर अडकून पडली होती. एका वर्षी सगळे फिके रंग, काकडीच्या सालीचा, कैरीच्या आतल्या गराचा, सायीचा. सारं गाव तेव्हा चमकीच्या जॉर्जेटमध्ये घामानं भिजत होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हे तं दवाखान्यातले पडदे झाले." पंधरा दिवसांत अर्धी वस्ती ते पडदे घालून माझ्यासमोरून फिरायला लागली.

पोरी मोबाइल घेऊन यायच्या. फोटो दाखवून म्हणायच्या, काकू, असंच पाहिजे. ती चष्मा कपाळावर ढकलून फोटो न्याहाळायची.

"हे घालून थे पोरगी करते काय वं?"

"काई नाई काकू, उभी हाय."

"मंग तिचा कपडा उभं राहाचा हाय. तुले दिवसभर उभंच राहाचं असन तं देते शिवून."

पोरगी हसायची आणि गुमान सुती कापड घेऊन यायची. मला चीड यायची ती याची. माझ्याकडे कोणी हसत येत नसे.

खिशाचं प्रकरण तिसऱ्या वर्षीचं. माझी सून आरोग्य खात्यातली आशाताई आहे. गावात घरोघरी फिरून बाळंतिणींची, लेकरांच्या लसींची चौकशी करते. हातात रजिस्टर, ब्लाउजात मोबाइल, कमरेला चाबी, पेन केसात खोचलेला. एक दिवस बाईच्या दुकानासमोर ती वाकली आणि मोबाइल सुळकन नालीत गेला. तो काढता काढता दोघींचे हात कोपरापर्यंत काळे झाले. हात धुऊन बाई सरळ माझ्या दुकानात आली. "मास्तर, बाजूचा खिसा कसा काढता, एक डाव दाखवा. माझा तोंड वासून राह्यते."

चार गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, "बायाइच्या कपड्याले खिसा म्हंजे बैलाले चश्मा!" चौघं खदखदून हसले. बाई हसली नाही आणि चिडलीही नाही. आली तशी गेली.

चार दिवसांनी पाहतो तर तिच्या मांडीवर एक राखाडी पँट, आणि ती ब्लेडनं खिसा उसवते आहे. खिशाच्या कोपऱ्याला मी तीन उलटे टाके घालतो, तो माझा हात, दुसरा कोणी घालत नाही. लांबूनच ओळखलं. तिच्या नवऱ्याची लग्नाची पँट होती ती. मी धावून गेलो. "माझ्या हातचं काम उसवता?"

"तुमी दाखवलं असतं तं उसवा लागलं असतं का?" मान वर न करता ती म्हणाली. "माझ्यापाशी त्याइची येवढीच एक हाय."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाईचा राग आला म्हणून, असं मी सुनेला सांगितलं.

तिचं नाव 'खिसेबाई' मीच पाडलं, हिणवायला. ते नाव गावानं उचललं आणि पुलगावच्या बाया माझ्याच दारात येऊन विचारायला लागल्या, "भाऊ, खिसेबाईचं दुकान कोन्तं?" खिशांत काय काय जायचं! मोबाइल, चाबी, दवाखान्याची चिठ्ठी, नातवासाठी गुळाचा खडा. एक म्हातारी नवा कुर्ता घालून, खिशात हात घालून बराच वेळ चौकटीत उभी होती. खिशात ठेवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. तरी हात काढेना.

आता दोन वर्षांमागची गोष्ट. ती सांगायची नव्हती, पण सांगतो. आमच्या वस्तीत एप्रिलातल्या जयंतीच्या रॅलीत बाया पांढऱ्या साडीत, दोन दोनच्या रांगेनं चालतात. माझ्या मायच्या वेळेपासून. मायजवळ एकच पांढरं लुगडं होतं. ते ती वर्षभर पेटीत ठेवायची आणि जयंतीच्या आदल्या दिवशी उन्हात वाळवायची. त्या वर्षी खिसेबाईनं चौकटीला पांढरा सुती कुर्ता टांगला, निळ्या काठाचा, दोन बाजूंना दोन खिसे, खाली मोकळा पायजमा. नाचणगावाहून पुलगाव आणि परत, चैताच्या उन्हात, कडेवर लेकरू घेऊन चालायला. बावीस जणींनी माप दिलं.

विहारात मीटिंग झाली. मी उभा राहिलो. म्हणालो, माझी माय एका पांढऱ्या लुगड्यासाठी वर्षभर थांबायची, आणि तुम्ही त्याला खिसे लावून मिरवता? जिच्या अंगावर पांढरी साडी नाही, ती रांगेत नाही. वयाचा मान असतो. बायांच्या बाजूनं एकटी खिसेबाई उठली. "मास्तर, तुमच्या मायले त्या लुगड्यात लेकरू, पान्याचा लोटा अन् झेंडा संगंच सांभाळा लागे. हात किती होते तिले?"

मी म्हणालो, "बसा खाली."

आणि ती बसली. साऱ्या गावाला उठाबशा काढायला लावणारी बाई माझ्या एका शब्दावर बसली. बावीस कुर्त्यांचं कापड तोवर कापून झालं होतं. मला ते माहीत होतं. भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज मी चार दिवस ऐकला होता.

जयंती झाली आणि तिनं दुकान बंद केलं. मुलगी बोरगाव मेघेला राहते, तिच्याकडे निघाली. टेम्पोत मशीन चढताना मी मान खाली घालून इस्त्री करत होतो. ती दारात आली. "येते, मास्तर." मी "हूं" म्हणालो. कापडावर डाग पडला होता, तो बघत होतो.

यंदा होळीनंतर चष्म्याचा नंबर काढायला एसटीनं वर्ध्याला गेलो. रस्त्यात एक मोठं कापडाचं दुकान. काचेत प्लास्टिकच्या बाया उभ्या आणि वर पाटी, 'या वसंतातली नवी फॅशन'. अंगात पांढरा सुती कुर्ता, काठ निळा, बाजूला खिसा! माझे पाय आपोआप आत गेले. खिशात बोट घातलं तर बोट जाईना. खिसा नव्हताच. नुसती पट्टी शिवलेली, खिशासारखी दिसणारी.

काउंटरच्या पोरीला म्हणालो, "बेटी, याचा खिसा कुठं हाय?"

"बाबा, ते डिझाइन आहे."

"डिझाइनमंधी मोबाइल ठेवशीन तू?"

"लेडीजमध्ये असंच येते, बाबा."

मग मात्र मी ओरडलो. फसवता बायांना? खोटा खिसा लावता? ज्या कारागिरानं हा शिवला त्याला कात्री हातात धरायची लाज वाटली नाही का? सारं दुकान गोळा झालं. ती पोरगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, ओरडू नका. माझ्याही ड्रेसले नाई." तिचा मोबाइल कमरेत खोचलेला होता.

हे खिसेबाईला सांगायलाच पाहिजे, असं मला वाटलं. ती काय बोलेल तेही मनात ऐकू आलं. चष्मा राहिला बाजूला. ऑटो केला, बोरगाव मेघे गाठलं, विचारत विचारत घर काढलं. मुलीनं दार उघडलं. मागं मशीन दिसलं, चादरीनं झाकलेलं.

"आई तं पौषातच गेली, मास्तरकाका. दोन दिवस ताप आला फक्त."

मी तिच्यावरही चिडलो. कळवायचं नाही का? ती आत गेली. आतून एक गाठोडं घेऊन आली. "आई म्हणे, मास्तर येतीन. राग निंगला का येतीन. तवा हे देजो. अन् राग निंगाले इतके दिवस काऊन लागले, थे इचारजो म्हणे."

घरी आलो तोवर दिवे लागले होते. खाटेवर गाठोडं सोडलं. बावीस कापलेले पांढरे कुर्ते, आणि तो चौकटीला टांगलेला नमुन्याचा एक शिवलेला. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि माप. मी अक्षराखाली बोट ठेवून वाचत गेलो. सातव्या चिठ्ठीवर माझ्या सुनेचं नाव होतं.

तिला हाक मारली. "तूयी माप देल्लं होतं?"

"देल्लं होतं."

"बाई गेली थे माहीत होतं तुले?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

ती पदराला हात पुसत म्हणाली, "तुमी तिचं नाव काढू देत होते का, मामाजी?"

मी ताट दूर सारलं. वरणात मीठ नाही म्हणून ओरडलो. मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर जयंती कमिटीच्या अध्यक्षाच्या दारात गेलो. तो दात घासत होता. म्हणालो, "रांगेत पांढरी साडी चालन अन् पांढरा कुर्ताही चालन. दोन वर्षांमागं मी जे बोललो थे मी वापस घेतो. चूळ भर अन् लिहून ठेव." मग दुकान उघडलं. सुनेचं कापड मशीनवर घेतलं. खिसा काय, डोळे मिटून लावीन, असं वाटलं होतं. लावला. त्यात माझा मोबाइल टाकून पाहिला, तर पातळ सुती कापड पोत्यासारखं खाली लोंबलं. पँटीचा खिसा होता तो, कुर्त्याचा नव्हता. नमुन्याचा कुर्ता उलटा करून पाहिला. तिनं आतून एक पट्टी कमरेपर्यंत नेली होती, सारं वजन कमरेवर यावं अशी. पण ती कुठं, कशी अडकवली ते वरून दिसेना. पन्नास वर्षांत दुसऱ्याचं काम शिकण्यासाठी मी उसवलं नव्हतं. ब्लेड घेतलं. खिशाच्या कोपऱ्याशी आलो आणि हात थांबला. तिथं तीन उलटे टाके होते. माझे. तिच्या हातचे. ते मी एक एक करून उसवले, पट्टी कुठं जाते ते बघितलं आणि पुन्हा तीनच घातले. मग सुनेचा कुर्ता तसा शिवला. ऊन टिनाच्या छपरावर चढलं तेव्हा तिला बोलावलं आणि घालून यायला सांगितलं. ती पडद्याबाहेर आली, माझ्यासमोर अवघडून, हात कुठं ठेवावे ते न कळून. समोरच्या हॉटेलातले लोक बघत होते. बघू दे म्हटलं. मी टेप गळ्यात टाकला आणि मोठ्यानं म्हणालो, "बस. ऊठ. हात वर कर. बसचा दांडा धर. आता वाक, खाली बादली हाय."