लाइव्हमधल्या राखीताई

राखी गांगुर्डेचा आवाज चांगला आहे, हे सगळ्यात आधी धवलशेठच्या लक्षात आलं. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं साड्यांचं दुकान. राखी तिथे साड्या दाखवायची आणि गिऱ्हाईक उठून गेलं की घड्या घालायची. लॉकडाऊननंतर गिऱ्हाईक तुटलं. आजूबाजूची दुकानं फोनवरून लाइव्ह साड्या विकायला लागली, तेव्हा धवलशेठने राखीला खांद्यावर पदर घेऊन फोनसमोर उभं केलं.

"शेठ, माझ्या तोंडावर वांग आहे," ती म्हणाली.

"ते नाही दिसणार. तुम्ही नेहमीसारखं बोला फक्त."

वांग बाळंतपणात आलेलं. दोन्ही गालांवर आणि कपाळावर तपकिरी डाग. रंग मुळात सावळा, चेहरा गोल. शेठने फोनमधला ब्यूटी फिल्टर लावला. स्क्रीनवर जी बाई दिसली ती गोरी होती, तिची हनुवटी निमुळती होती आणि डोळे जरा मोठेच. राखीने हात वर केला, त्या बाईनेही केला. राखीला हसू आलं. लांबच्या नात्यातली एखादी मुलगी लग्नात भेटावी, तशी ती वाटली.

लाइव्ह चाललं. रोज दुपारी राखी साडी उलगडायची, काठ दाखवायची, पदर सांगायची. बायका लिहायच्या, 'ताई किती गोड बोलता', 'ताई, तुमच्यासारखी स्किन कशी होईल?' पहिल्यांदा ती अडखळली. धवलशेठने फोनमागून खूण केली आणि हळूच सांगितलं, "लिंबू-हळद म्हणा." ती म्हणाली, लिंबू-हळद. मग कोणी विचारलं की तेच सांगायचं ठरून गेलं.

घरी सासू, सुमनबाई, फोन हातात धरून शेजारणींना दाखवायच्या, "आमची सून." नवरा नवनाथ सातपूरला कंपनीत होता. त्याच्या फोनवर दोघांचा गंगापूर धरणावर काढलेला फोटो असायचा. एक दिवस राखीने पाहिलं, तिथे लाइव्हमधला फोटो आला होता. तिचा एकटीचा.

"हा कधी लावलास?"

"छान आलाय ना," नवनाथ म्हणाला.

ती हो म्हणाली. तिला वाईट वाटलं असं नाही. काहीच वाटलं नाही, आणि ते मात्र तिच्या लक्षात राहिलं.

लग्नसराईत चांदवडहून विमलाबाई आल्या. धाकट्या मुलाचा साखरपुडा व्हायचा होता. बरोबर थोरली सून स्नेहा. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "त्या लाइव्हवाल्या राखीताई कुठंयेत? आम्हाला त्यांच्या हातनंच साड्या बघायच्यात. मी रोज बघते त्यांना."

राखी त्यांच्यासमोरच उभी होती. हातात मोरपंखी सेमी पैठणी. तिने धवलशेठकडे पाहिलं.

"त्या आज सुट्टीवर आहेत," धवलशेठ गल्ल्यावरून म्हणाला. "ह्या दाखवतील, बसा."

राखीने पैठणी उलगडली आणि बोलायला लागली. विमलाबाईंनी मान वाकडी करून ऐकलं.

"आवाज तर तसाच हाय की! तुम्ही बहीण का त्यांची?"

राखी म्हणाली, "हो."

"तरीच. पण बाई, एका पोटच्या लेकी आन् किती फरक! त्यांचं रूप लय देखणं. असू दे, तुमचा स्वभाव गोड हाय."

विमलाबाईंच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी भरपूर खरेदी केली, चहा घेतला. राखीने पदर दाखवले, रंग दिव्याखाली धरले. हात चालत होते.

स्नेहाला एक साडी अंगावर लावून बघायची होती, म्हणून राखी तिला आरशापाशी घेऊन गेली. स्नेहा सावळी होती, अंगाने बारीक. इतका वेळ तिने डोक्यावरचा पदर गालावर ओढून धरला होता. साडी खोचताना तो सरकला. गालाची कातडी सोलल्यासारखी लाल झाली होती आणि कडेने काळी पडत चालली होती.

"हे काय झालं?"

"लिंबू-हळद," स्नेहा म्हणाली. "ताई सांगतात ना. आधी आग होते, मग उजळतं. सासूबाई म्हणतात, साखरपुड्यापर्यंत रोज लाव."

राखीने तिच्या निऱ्या नीट केल्या. मग हळू आवाजात म्हणाली, "लावू नका ते. डॉक्टरला दाखवा. ती पण नाही लावत."

"कोण?"

"राखी. काहीच लावत नाही ती. फोनमध्येच तसं दिसतं. फोनच करतो सगळं."

स्नेहाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. डागांकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, थोडी कीवच होती.

"तुम्ही त्यांच्यावर जळता का हो?" तिने विचारलं.

सांगता आलं असतं. फोन उचलून दाखवताही आलं असतं. बाहेरून विमलाबाईंनी हाक मारली, "झालं का गं?" आणि राखीने साडी उतरवून घेतली. घडी घातली. त्या दोघी पिशव्या घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी लाइव्हच्या आधी ती धवलशेठला म्हणाली, "आज ते ब्यूटीचं बंद ठेवा. आणि लिंबू-हळदीचं मी चुकीचं सांगितलं होतं, तेवढं सांगायचंय."

धवलशेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बघू करून."

लाइव्ह सुरू झालं. राखी म्हणाली, "नमस्कार ताई, मी राखी." लगेच खाली ओळी यायला लागल्या. 'राखीताई कुठे आहेत?' 'ही कोण?' 'ताई आजारी आहात का?' 'चेहऱ्यावर काय लागलंय?' राखीने ते वाचलं. मग सरळ सांगून टाकलं, की लिंबू तोंडाला लावू नका, कातडी जळते, मी कधी लावलेलं नाही. कोणीतरी लिहिलं, 'म्हणूनच अशी दिसते.' त्याखाली पुष्कळ हसणारी तोंडं आली. बघणाऱ्यांचा आकडा खाली जात राहिला. धवलशेठने पुढे वाकून स्क्रीनला बोट लावलं. चेहरा परत गोरा झाला.

'आत्ता आल्या ताई,' कोणीतरी लिहिलं. 'मगाशी कोण होतं?'

राखीच्या हातात जांभळी इरकल होती. तिने काठ वर धरला आणि काठाबद्दल बोलायला लागली. आवाज जसाच्या तसा होता. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, म्हणून ती जरा थांबली. आलं नाही. मग पुढची साडी घेतली.

आठवड्याने तिनेच सांगितलं, "शेठ, मी मागून बोलते. दिसायला दुसरं कोणी बघा."

मृण्मयी आली. कॉलेजात शिकणारी, उंच, लांबट चेहऱ्याची मुलगी. राखीशी तिचं कशातच साम्य नव्हतं. ती फोनसमोर साडी लावून उभी राहायची, मान इकडे तिकडे करायची, आणि फोनच्या मागे स्टुलावर बसून राखी बोलायची. तिच्यावरही तेच ब्यूटी लावलेलं असायचं. गिऱ्हाईक काय म्हणेल याची पहिल्या दिवशी धवलशेठला धास्ती होती.

'राखीताई, किती बारीक झालात!' पहिलीच ओळ आली. 'काय केलंत?'

धवलशेठने सुटकेचा निःश्वास टाकला. मृण्मयी हसली, तिला वाटलं गंमत आहे. राखीने ते मोठ्याने वाचलं नाही. "ही बघा ताई, बदामी रंगात," ती म्हणाली.

घरी त्या रात्री सुमनबाई म्हणाल्या, "आज खूप छान दिसत होतीस." राखीने कुकर लावला.

हे सगळं होऊन वर्ष उलटलं. राखी अजून बोलते. आवाजाला काही झालेलं नाही, उलट बायका म्हणतात, ताई आता अजून छान समजावून सांगतात. लाइव्हच्या आधी ती आणि मृण्मयी मागच्या खोलीत डबा खातात. राखीच्या डब्यात भाकरी आणि मेथी. मृण्मयीच्या डब्यात काकडीचे काप.

परवा राखीने अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली.

"नको ताई. पोट दिसतं."

"कुठे दिसतं? फोन कापतो ना ते."

"फोनमध्ये नाही हो," मृण्मयी म्हणाली. "मला दिसतं."

राखीने तिच्याकडे पाहिलं. गालफडं वर आली होती, गळ्याची हाडं दिसत होती. बाहेरून धवलशेठने हाक मारली, तशी मृण्मयी काकडी तशीच ठेवून उठली. राखीने हात धुतले, स्टूल पुढे ओढलं आणि घसा साफ केला.