काठावरचं प्यादं

गावात सगळे म्हणतात, त्याची आठवण गेली. त्याची सून आल्यागेल्याला हेच सांगते आणि तोही मान हलवतो. मी तिथंच बसलेला असतो. त्याची आठवण गेली नव्हती, हे या गावात फक्त मला माहीत आहे. कारण ती गेली असं त्याला मीच पटवून दिलं.

आम्ही एका वयाचे. पवनीच्या अलीकडच्या या गावात मी शाळामास्तर म्हणून आलो आणि इथंच राहिलो. तो इथलाच, धानाचा शेतकरी. मला पुस्तकातलं बुद्धिबळ येत होतं, त्याला बापाकडून आलेलं. त्याच्या खेळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर चाले. शेवटच्या ओळीत पोहोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तोच मोहरा ते होई. घोड्याच्या घरात पोहोचलं तर घोडा, तिथं वजीर मागायची सोय नाही. आम्ही त्याच्याच नियमांनी खेळायचो आणि मी हरायचो. "आज तुले प्याद्यानंच मारतो मास्तर," असं आधी सांगून तो खरोखर प्याद्यानं मात करी.

काचबिंदूनं त्याचे डोळे गेले तेव्हा मला वाटलं, खेळ संपला. आठवड्यानं त्याचा निरोप आला. गेलो तर म्हणाला, "डोळे गेले, पट थोडीच गेला? तू चाल सांगत जाय, माझी सोंगटी तूच सरकव."

पट त्याच्या डोक्यात मांडलेला असे. रविवारच्या पेपरातलं कोडं मी वाचून दाखवी. पांढऱ्यानं खेळून दोन चालींत मात, कोणता मोहरा कुठं आहे, एवढंच. माझ्या सोंगट्या मांडून होईपर्यंत त्याचं उत्तर तयार. मी आधी शह शोधत बसे, त्यावर तो हसे. "शह देणारा घाई करते गा. राजाले पयले कोंडावं लागते."

त्याच डोक्यानं तो चालतही असे. गावामागच्या बोडीपर्यंत, म्हणजे आमच्या लहान तळ्यापर्यंत, तो रोज सकाळी पावलं मोजत एकटा जाई. तळ्याच्या पाळीवर उभा राहून काठीनं पाण्याचा अंदाज घेई आणि परत येऊन धानाच्या कोणत्या बांधीत पाणी सोडायचं ते मुलाला सांगे. कधी चुकला नाही.

त्या दुपारी माझा राजा कोपऱ्याशेजारी, घोड्याच्या घरात होता. त्याच्यापुढं तीन प्यादी, तिन्ही आपापल्या जागी. त्याचा हत्ती मोकळ्या पट्टीत उभा होता. तो माझ्या शेवटच्या ओळीत उतरला की राजाला हलायला जागाच नव्हती. त्याला ते दिसलं होतं, मिशीत हसत होता. तेवढ्यात सुनेनं चहा आणला. त्यानं बशी तोंडाला लावली आणि मी काठावरचं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

मला एकदा जिंकायचं होतं, तेही आंधळ्या माणसाविरुद्ध. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

"हत्ती शेवटच्या ओळीत," तो म्हणाला. "शह अन् मात. पी आता चहा."

"मात नाही. राजाला वर जागा आहे. काठावरचं प्यादं पुढं आहे."

"ते कधी सरकलं?"

"मघाशी. मी सांगितलं, तू हो म्हणालास."

तो भांडेल असं वाटलं होतं. त्यानं हात पुढं केला आणि तिन्ही प्यादी बोटांनी चाचपली. काठावरचं खरंच पुढं होतं. त्यानं पुन्हा चाचपलं.

"होय गा," तो म्हणाला.

त्यानंतर तो कसंही खेळला आणि मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तो बोडीवर गेला नाही. "पावलं बरोबर मोजली का चुकली, कोणाले माहीत? एखाद दिवस पाण्यात जाईन." मग गोळी घेतली का, हे तो सुनेला दोन दोनदा विचारू लागला. मग बांध्यांबद्दल बोलणं सोडलं. मग खाट धरली. मी रोज जात होतो आणि रोज, आज सांगू, असं ठरवून जात होतो. असे दोन पावसाळे गेले.

गेल्या महिन्यात सांगितलं. बशीसकट सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"कायले खोटं बोलून राहिला गा? मी हात लावून पाह्यलं होतं."

"त्याआधी मी सरकवलं होतं."

"तू मास्तर माणूस. तुले लबाडी जमते का?"

मी पेपर उघडून त्यातलं कोडं वाचलं. त्यानं मोहऱ्यांच्या जागा दोन दोनदा विचारून घेतल्या. मग दबकत उत्तर सांगितलं. शहाशिवायची पहिली चाल, अगदी बरोबर. मी म्हणालो, "बघ, बरोबर आहे."

"तू तं तसंच म्हणशील," तो म्हणाला आणि त्यानं आत हाक दिली. "मास्तरले चहा दे वो बाई. माह्यासाठी खोटं बोलून बोलून दमला."

सुनेलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "गुरुजी, तुमचं मन मोठं आहे."

हा कागद तिच्याजवळ देणार आहे. ती त्याला वाचून दाखवील की नाही, माहीत नाही. दाखवला तर तो काय म्हणेल, ते माहीत आहे. तरी लिहून ठेवतो. त्या दुपारी तिन्ही प्यादी आपापल्या घरात होती. मात झाली होती.