मामांचे नऊ डबे

गोदीत त्यांना सगळे मामा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. जमिनीपासून चाळीस मीटरवर काचेची एक खोली, त्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि मामा. खाली माल उतरवणारी माणसं मुंग्यांएवढी दिसायची. मुकादम गमतीनं म्हणायचा, "वरच्याच्या मनात असेल तर आज जेवणाआधी जहाज रिकामं होईल." मामा ते वायरलेसवर ऐकत आणि गप्प राहत. शिडी उतरून परत चढण्यात जेवणाची सुट्टी संपून जाई, म्हणून डबाही ते वरच खायचे. एकट्यानं जेवायची आपल्याला सवय आहे, असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी बायको गेली. मुलगी विमानानं जायच्या अंतरावर, तिच्या संसारात. रविवारी तिचा फोन यायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मामा एकटे राहू लागले. बटाटे उकडता यायचे, अंडं तळता यायचं. बाकी कोपऱ्यावरची खानावळ होती.

मग एका हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि तो नऊ दिवस उतरला नाही. पहिले दोन दिवस भुकेचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर अर्धा पाव, चार बटाटे आणि साखर. बटाटे उकडायला उभं राहवेना. पाव संपल्यावर साखरेच्या पाण्यावर दिवस काढले. कुणाला हाक मारावी, तर जिन्यात भेटणाऱ्या माणसांचे चेहरे ओळखीचे होते, पण हाक मारण्याइतकी ओळख कुणाशीच नव्हती. रविवारी फोन आला तेव्हा "घसा बसलाय जरा" एवढंच ते बोलले.

पुढच्या रविवारी मुलीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"नऊ दिवस? आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून तू काय केलं असतंस? उडत आली असतीस?"

"बाबा, घरात काहीतरी भरून ठेवा. डबाबंद मांस मिळतं ना, ते दोन-दोन वर्षं टिकतं. ताप असला तरी उघडलं की खाता येतं."

हे मात्र मामांना पटलं. आता कुठलंही काम अर्धवट करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. क्रेनला नवा तारदोर बसवला की ते आधी हलका भार उचलून पाहत, मग मध्यम, मग पूर्ण. तपासल्याशिवाय भरवसा नाही. डब्यांचंही तसंच करायचं त्यांनी ठरवलं. प्रत्येक जातीचा एकेक आणायचा, चाखायचा, पास होईल तोच भरून ठेवायचा.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बसणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा कायम केसांत खोचलेला आणि जीभ कायम धारदार. मामांनी काउंटरवर मांडलेले डबे त्यांनी एकेक करून उचलून पाहिले. रश्शातली कोंबडी, मिठाच्या पाण्यातली कोंबडी, कांदा घातलेलं मटण, दाबून वडीसारखं केलेलं डुकराचं मांस, तेच धुरावलेलं, चरबीतलं बदक, टर्की, कलेजीचा लगदा आणि बोटाएवढी सॉसेजेस.

"पाहुणे येणारेत?"

"नाही. परीक्षा घ्यायचीय."

"कुणाची? डब्यांची का पोटाची?"

"दोघांची," मामा म्हणाले. तेवढं बोलणंही त्यांना त्या दिवसापुरतं पुरलं.

परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाली. रोज एक डबा. अर्धा गार, तसाच डब्यातून, कारण तापात शेगडी पेटवणं होईलच असं नाही. अर्धा गरम करून पावाबरोबर. झाकण कडी ओढून निघतं का ओपनर लागतो, हेही पाहायचं, कारण अशक्त हाताला ओपनर म्हणजे शिक्षा. आणि लगेच वहीत नोंद.

"डबा पहिला. कोंबडी, रस्सा. कडी आहे, पण ओढताना रस्सा मनगटावर उडतो. तुकडे मऊ. मीठ बरोबर. चव बेताची."

"डबा दुसरा. कोंबडी, मिठाचं पाणी. ओपनर लागतो. चव बेताची."

"डबा तिसरा. मटण. धागे दातांत अडकतात, नापास. कांदा दिसतो, लागत नाही."

चौथ्या दिवशीही बेताचीच. पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलं, "धुरावलेलं म्हणे. धूर फक्त लेबलावर." सहाव्या दिवशी बदकाचा डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि मामांचं डोकं फिरलं. डब्यावर ताटली झाकून ते तसेच दुकानात गेले.

"बाई, सगळ्या डब्यांत एकच माल भरतात आणि लेबलं वेगळी लावतात. मला मामा बनवताय का?"

"तुम्ही मामाच आहात की," बाई म्हणाल्या. त्यांनी ताटली उचलली, वाकल्या आणि मागे सरकल्या. "अहो, लवंग केवढी आहे यात! दुकानभर वास सुटला बघा."

पाव घ्यायला आलेली एक मुलगी वळून म्हणाली, "कसला मस्त वास आहे!"

मामांनी डबा नाकाशी धरला. आणखी जवळ नेला. चरबीचा बारीक ठिपका नाकाच्या शेंड्याला लागला, पण वास म्हणून काही आला नाही. बाईंनी मागच्या फळीवरून कॉफीची बरणी काढली, झाकण उघडून पुढे केली. मग साबणाची वडी. मग फिनेलची बाटली. मामा प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवत होते. मघाशी चढलेला राग कुठल्या कुठे गेला होता.

बाईंनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर लावला. "मामा, तापानंतर डॉक्टरांकडे गेला होतात का?"

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. कधीकधी तापात वासाची शक्ती जाते, ते म्हणाले. जीभ बिचारी गोड, खारट, आंबट, कडू एवढंच सांगते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती सगळी नाकाची करामत. परत येईल किंवा नाहीही येणार. घरात गॅस असेल तर जपा.

मामा उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. "असं औषधानंही होतं का?"

"होतं ना. जबर औषधं असतात काही, त्यांनी पार माती लागते तोंडाला. का? तुम्ही घेताय का काही?"

"मी नाही," मामा म्हणाले.

घर दहा मिनिटांवर होतं. मामांना तासभर लागला.

शेवटचे आठ महिने बायको जबर औषधांवर, अंथरुणाला होती. मामा रोज काही ना काही आणत. सूप, तळलेला मासा, गोड संत्री, कुणी सांगितलं म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाहून केक. ती दोन घास खाई आणि वाटी सरकवी. "माती लागते हो." एकदा, दोनदा, दहादा. एके दुपारी मामांनी वाटी टेबलावर अशी आपटली की अर्धं सूप तिच्या चादरीवर सांडलं. "मी इथे वणवण फिरून आणतोय आणि तुझी नाटकं चाललीत!" उरलेलं सूप तिनं उचललं आणि त्यांच्याकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. त्या दिवसानंतर ती माती हा शब्द कधी बोलली नाही. जे आणतील ते खाई आणि म्हणे, "छान आहे." मामांना वाटलं होतं, मात्रा बरोबर लागू पडली.

दोन दिवस त्यांनी डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी टर्की काढली, गरम केली, टेबलाशी बसले. एक घास पार लगदा होईपर्यंत चावला. गिळला. मग कुणी नसलेल्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "छान आहे."

आवाज चिरका निघाला. वाक्य दोन शब्दांचं, पण ते म्हणायला किती बळ लागतं ते त्यांना कळलं. तिनं ते सहा महिने, दिवसातून दोनदा म्हटलं होतं. त्या दिवशी वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

रविवारी फोन आला. मुलगी डब्यांची चौकशी करत होती. मामांनी तिला मध्येच तोडलं.

"तुझ्या आईला चव लागत नव्हती."

मग ती म्हणाली, "हो."

"तुला माहीत होतं?"

"आईनं फोनवर सांगितलं होतं. म्हणाली, बाबांना बोलू नकोस, ते एवढ्या हौसेनं आणतात."

"हौसेनं कुठे आणत होतो? घाबरून आणत होतो मी."

"तेही माहीत होतं तिला," मुलगी म्हणाली.

मामांना वाटलं, तेव्हा दोन माणसं फोनवर एकमेकांशी बोलत होती आणि तिसरा नुसताच पिशव्या घेऊन ये-जा करत होता. "बाबा? ऐकू येतंय ना?" मुलीनं विचारलं. "येतंय," ते म्हणाले आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुकानवाल्या बाईंना डॉक्टरांचं म्हणणं कळल्यावर त्या हळहळत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाक गेलं, पण दात आहेत ना? झोंबणं आहे, चुरचुरणं आहे. लिंबू पिळा, मिरी टाका. जिभेला तरी कळू दे की जेवण आलंय."

मामांनी परीक्षा नव्यानं मांडली. आता चवीचा रकाना नव्हता. चावायला कसं, गरम किती वेळ राहतं, लिंबू धरतं का, घशाखाली सरळ उतरतं का. कलेजीचा लगदा पहिल्याच फेरीत बाद झाला. चव नसली की तो लापशीच. दातांत अडकणारं मटण आता पास झालं, कारण निदान काहीतरी खातोय असं वाटत होतं. सगळ्यांत वर आली ती सॉसेजेस. दाताखाली त्यांचं साल टचकन फुटायचं आणि आतलं गरम पाणी जिभेवर यायचं. मामांनी मटणाचे सहा आणि सॉसेजचे बारा डबे आणून कपाटात रचले. मुलीला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

वसंताच्या सुमारास एक दिवस दुपारी ते जिना चढत होते. तिसऱ्या मजल्यावरचं दार हवेसाठी उघडं होतं आणि आतला आवाज जिन्यात येत होता.

"चार घास खायला काय जातं तुझं? मी सकाळपासून हेच करतोय!"

आणि बाईचा बारीक आवाज, "नको हो. भुसा खाल्ल्यासारखं लागतं."

त्या घरातल्या गृहस्थांना मामा फक्त तोंडओळखीनं ओळखत; ऊन असो पाऊस असो, काखेत छत्री. बायको बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती. मामा आपल्या दारात आले, कुलपात किल्ली घातली आणि तशीच ठेवली. मग आत जाऊन त्यांनी सॉसेजचा एक डबा आणि एक लिंबू घेतलं आणि ते वर गेले. शेजाऱ्याच्या दारावर आपणहून टकटक करण्याची त्यांच्या आयुष्यातली ती बहुतेक पहिलीच वेळ.

छत्रीवाले बाहेर आले. हातात चमचा, कपाळावर आठ्या. "काय हवंय?"

"मी खाली राहतो," मामा म्हणाले. "त्या खोटं बोलत नाहीयेत."

"कोण?"

"तुमच्या मिसेस. चव खरंच जाते औषधानं. माझी तापानं गेलीय. नाटक नसतं ते."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. क्रेन चालवायचो."

मामांनी डबा आणि लिंबू पुढे केलं. "हे गरम करून द्या. चावायला बरं लागतं. रागावू नका त्यांच्यावर. आणि एक. छान आहे म्हणाल्या तर लगेच विश्वास ठेवू नका."

छत्रीवाल्यांनी डबा घेतला. बरं म्हणाले की थँक्यू म्हणाले, मामांना नीट ऐकू आलं नाही. दार बंद झालं. मामा खाली येऊन खुर्चीत बसले. आपण फार बोललो असं त्यांना वाटत होतं. थोड्या वेळानं छतावर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, खिडकीकडून, पलंग असावा त्या बाजूला.

दहा-बारा दिवसांनी लिफ्टमध्ये ती बाई भेटली. डोक्याला रुमाल बांधलेला, एका हातानं नवऱ्याचा दंड धरलेला. दवाखान्यात निघाली होती.

"तो डबा तुमचा ना?" तिनं विचारलं.

"हो."

"अजिबात चव नव्हती हो त्याला."

"नाहीच," मामा म्हणाले.

ती हसली. मामाही हसले. छत्रीवाले दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. तळमजला आला, दार उघडलं, मामांनी त्यांना आधी जाऊ दिलं.

महिन्याभरात ते दोघं मोठ्या दवाखान्याजवळ कुठेतरी राहायला गेले. सामान उतरवणाऱ्यांनी दोन फेऱ्यांत सगळं नेलं. छत्रीवाले निरोप घ्यायला आले होते, पण मामा तेव्हा बाजारात गेले होते. दाराच्या फटीत "आलो होतो" एवढीच चिठ्ठी होती. मामांनी ती दोनदा वाचली. मग पातेल्यात पाणी ठेवलं, सॉसेजचा डबा उघडला आणि लिंबू कापलं. वरची खोली रिकामी होती, आणि दाताखाली साल फुटल्याचा बारीक आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता.