लेकीला गप्प केलं ते चार दिवस

मी मशीनवर एका साडीला फॉल लावत होते, तेव्हा माझी धाकटी जाऊ शकू मोबाइल हातात घेऊन धावतच घरात आली. दिव्यांगांच्या पगाराचे नियम बदलणार, सगळ्यांची नव्यानं तपासणी होणार, ज्यांच्यात सुधारणा दिसेल त्यांची नावं कटणार, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही नाही, तारीख नाही, कुणी लिहिलं त्याचा पत्ता नाही. तरी मी मशीन थांबवून तो निरोप दोनदा वाचला. आमच्या लातूरजवळच्या मुरुडात निराधार योजनेच्या पैशाला सगळे पगारच म्हणतात. माझी लेक अर्चना तोच शब्द धरून बसली आहे. वय सत्तावीस, समज सहा-सात वर्षांच्या मुलीएवढी. तिला आकडी येते. गोळ्या एक दिवस चुकल्या तरी ती उभ्या उभ्या कोसळते, आणि त्या गोळ्या तिच्या पगारातून येतात. तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात आहे, त्याचं त्यालाच पुरत नाही. यादीतून तिचं नाव गेलं तर आज कसं होईल यापेक्षा माझ्यामागे कसं होईल, हा विचार मला जास्त खायला लागला.

माझा स्वभाव मुळात तापट आहे. त्या आठवड्यात मी दूधवाल्यावर चिडले, गिऱ्हाइकांवर चिडले, आणि शेवटी देवघरातल्या रेणुकामातेवरही चिडले. दिवा लावायचे, पण तोंडातून आरती निघायची नाही. एवढी वर्षं तुझं केलं, आणि आता हे काय मांडलंस, असं मनात घोळायचं. खरं तर मला असं बोलायचा काही अधिकार नव्हता. अर्चना सात वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. माझं माहेर बिलोलीकडचं, तिकडची माणसं माहूरगडाच्या रेणुकेला मानतात. म्हणून मी तिला कडेवर घेऊन गडाच्या सगळ्या पायऱ्या चढले. देवीचा प्रसाद म्हणून तिथे कुटलेला तांबूल मिळतो, तो पुजाऱ्यांनी तिच्या जिभेवर ठेवला. उतरताना तिनं माझी हनुवटी धरली, माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "अजून." मी पायरीवर बसून रडले, आणि ती माझ्या पिशवीत तांबूल शोधत राहिली. पुढे मी तिला नाव सांगायला शिकवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आकडे शिकवले. कुणीही घरात आलं की ती आधी आपलं पूर्ण नाव सांगते, मग पाणी देते.

नवा नियम यायच्या आत नवं सर्टिफिकेट काढून ठेवावं, असं शकूनं सुचवलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यातला तपासणीचा दिवस तिनंच विचारून आणला. सोबत तिनं आणखी एक सल्ला दिला. "अक्का, जरा डोकं लावा. पोरगी डाक्टरापुढं पोपटावानी बोलाय लागली तर ते म्हनतील, हिला काय झालंय, चांगली तर हाय. कटलंच मग नाव. तिला म्हनावं गप बसायचं." मी शकूला एरवी शहाणपणा शिकवू देत नाही, पण हे माझ्या मनात घट्ट बसलं. शकूला दोष देत नाही. तिनं एकदा सांगितलं. शिकवणी मी घेतली.

रोज दुपारी मी अर्चनाच्या वडिलांचा जुना चष्मा लावून डॉक्टर व्हायचे आणि विचारायचे, "नाव काय?" अर्चना हसत हसत पूर्ण नाव सांगायची. मी म्हणायचे, सांगायचं नाही. ती म्हणायची, बरं. पुन्हा विचारलं की पुन्हा सांगायची. जे नाव तिच्या तोंडी बसवायला मला दोन वर्षं लागली होती, ते पंधरा दिवसांत पुसायला मी निघाले होते. तपासणीला चार दिवस उरले तेव्हा माझा तोल गेला. मी तिचे दोन्ही खांदे धरून ओरडले, "बोललीस तर गोळ्या बंद होतील. तू पडशील, आणि तुला बघून आई मरेल. गप बस म्हणजे गप बस!" मी पुन्हा विचारलं, नाव काय? तिनं ओठ घट्ट मिटले. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला खरंच आनंद झाला होता.

संध्याकाळी मी तिला हाक मारली, तिनं नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी शकूचं पोरगं खेळायला आलं, त्याच्याशीही ती बोलली नाही. मी म्हटलं, घरात बोललं तर चालतं गं, फक्त तिकडे गप बसायचं. तिला हा फरक कळेना. आई मरेल एवढंच तिला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी मी हातापाया पडले, जिलेबी आणली, रागावले, जवळ घेतलं. एक शब्द नाही. चौथ्या रात्री ती झोपल्यावर मी देवघरापुढे बसले आणि मला धडकीच भरली. देवीनं दिलेली वाचा मी माझ्या हातानं काढून घेतली होती. मागायलाही तोंड उरलं नव्हतं. काय मागणार? बोलती कर म्हणू, की उद्याचा दिवस गप्प ठेव म्हणू?

सकाळच्या एसटीनं आम्ही लातूरला पोचलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. शिपाई नंबर पुकारत होता. आधारची आणखी एक झेरॉक्स लागेल असं खिडकीवर कळलं. अर्चनाला बाकावर बसवून मी ती काढायला गेले. तिच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, मांडीवर पिशवी, हातात नंबराची चिठ्ठी. उदगीरकडची असावी, बोलण्याला कानडी हेल होता. मी झेरॉक्स घेऊन परत येत होते तेव्हा ती अर्चनाला विचारत होती, "बाई, भाच्यानं चिठ्ठी देली आन् चहाला गेला. कितीचा नंबर हाय बग की." अर्चनानं चिठ्ठी बघितली आणि बोटं दाखवली. म्हातारी थांबली. पुन्हा विचारलं. अर्चनानं पुन्हा बोटं दाखवली, अगदी तिच्या तोंडापाशी नेऊन. म्हातारी वैतागली. "हाय का न्हाई कोनी? मला दिसत न्हाई गं लेकरा, तोंडानं सांग. माझा नंबर निघून जाईल."

मी खांबाशी थांबले. पुढे जाऊन मीच सांगायला हवं होतं, पण पाय उचलेना. अर्चनाचा चेहरा रडवेला झाला होता. तिनं इकडे तिकडे बघितलं. मग म्हातारीच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "एकावर सात सतरा." आवाज बसलेला होता, चार दिवस न वापरलेला. म्हातारी म्हणाली, "आन् आता कितवा चालू हाय?" अर्चना म्हणाली, "बारा पुकारला. थांबा, मी सांगते." मला हुंदका आवरेना. आणि तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिनं घाबरून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझी लेक मला बघून घाबरली होती. मी तिचे हात तोंडावरून काढायच्या आत शिपायानं आमचा नंबर पुकारला आणि आम्ही आत गेलो.

टेबलामागे एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "नाव काय तुझं?" अर्चनानं माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवस ज्या क्षणाची तालीम केली तो क्षण समोर होता, आणि मला गप्प बसण्यापलीकडे काहीच करायचं नव्हतं. पण मी बोलून गेले. "डॉक्टर, ही बोलते. नाव सांगते, आकडे वाचते. नाव कटेल म्हणून मीच हिला गप्प बसवलंय. चार दिवस झाले." एवढं बोलून मी मान खाली घातली. आता होईल ते होवो, असं वाटलं, आणि किती दिवसांनी छाती मोकळी झाली.

अर्चनानं माझा पदर ओढला. "आई, आता बोलू?"

"बोल, बाळा."

"माझा दात दुखतोय. लई दुखतोय."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"आई गप म्हनली तवापासून."

चार दिवस ती भाकरी नुसती चिवडत होती, आणि मी समजत होते की रुसली आहे. डॉक्टरणीनं तोंड उघडायला लावलं. हिरडी सुजून पू झाला होता, अंगात कणकण होती. स्टूल पुढे सरकवून तिनं मला बसवलं. "मावशी, बोलते म्हणून काही ठरत नसतं. तिचं तिला किती करता येतं ते आम्ही बघतो," असं म्हणून तिनं एकेक विचारलं. एकटी बसनं येते का, गोळ्या आपल्या आपण घेते का, आकडी आली तर काय होतं. जे येतं ते मी येतं म्हणून सांगितलं, नाही ते नाही. मग तिनं आम्हाला त्याच दिवशी दाताच्या विभागात पाठवलं. तापात आकडी आली असती तर काय झालं असतं, हे तिनंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बाहेर आले तर म्हातारी तिथेच होती. मी तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागे घेतले. "कोन गं? म्या काय केलं? नंबर कळंना म्हनून इचारलं. पोरगी गुनाची हाय तुझी." सतरा पुकारला तेव्हा भाचा आला नव्हता. अर्चनानं तिचा हात धरून तिला आत नेऊन बसवलं आणि जाताना आपलं पूर्ण नाव सांगितलं.

शकू म्हणते, देवीच म्हातारीच्या रूपानं आली. मी तसं म्हणायला धजत नाही. त्या बाईला तिची स्वतःची तपासणी होती, स्वतःच्या काळज्या होत्या. त्या बाकावर तिच्या शेजारी आम्हालाच जागा मिळाली, एवढं मला माहीत आहे, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते. सर्टिफिकेट मिळालं. नियमांचं मात्र अजून काही ठरलेलं नाही. मोबाइलवर तसले निरोप येतच असतात. भीती गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण पूर्वी मी देवीपुढे फूल ठेवायचे आणि पाठ वळली की माझी माझी युक्ती लढवायचे. आता खरं आहे तेवढं सांगते, बाकीचं तिच्यावर सोडते. संध्याकाळी दिवा लावला की हात जोडायच्या आधी मी अर्चनाकडे वळते आणि विचारते, आज काही सांगायचं राहिलंय का? ती सांगायला लागली की वेळ लागतो. तोवर देवी थांबते.